बिनफोटोची माणसं

वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरताना सर्जेराव पेंटरांनी आधी रंगांची पत्र्याची पेटी खाली ठेवली, मग पिशवी, आणि मग दांडा धरून एकेक पाय टेकत ते स्वतः उतरले. अडुसष्टावं वर्ष चालू होतं. त्यातली पन्नास वर्षं अशीच कुठल्या ना कुठल्या फाट्यावर उतरण्यात गेली होती. आदिलाबाद, निर्मल, पुसद, बिदर, बऱ्हाणपूर. सगळीकडे चहाची टपरी सारखीच, टायरचं दुकान सारखंच, आणि "कोणाकडं जायचं, बाबा?" असं विचारणारा माणूसही सारखाच. इथलं टायरचं दुकान मात्र जावयाचं, मिथुनचं होतं, आणि दुकानामागच्या नव्या घरात त्यांची एकुलती एक लेक तृप्ती राहत होती.

तृप्तीनं फोन करून बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

सर्जेरावांचं काम काय होतं, हे आताच्या मुलांना नीट समजावून सांगावं लागतं. त्यांच्या मोबाईलात स्वतःच्या बारशापासूनचे फोटो असतात. पण पूर्वी आपल्याकडं माणूस जन्मायचा, राबायचा, म्हातारा होऊन मरायचा आणि त्याचा एकही फोटो मागं राहायचा नाही. बायांचा तर नाहीच. पुढं पोरं मिळवती व्हायची, पक्कं घर उठायचं, आणि नव्या भिंतीकडं बघून सगळ्यांना वाटायचं, इथं आई पाहिजे होती. आई आणायची कुठून? अशा घरून सर्जेरावांना बोलावणं यायचं.

ते घरातल्या सगळ्यांना ओसरीवर गोळा करायचे. "कशी होती ते तोंडानं सांगू नका, सगळ्यांच्याच आया गोऱ्या अन् मायाळू असतात," ते म्हणायचे. "तिचं नाक कोणाला आलं ते बोटानं दाखवा." ज्याचं नाक, त्याला पुढ्यात बसवायचं. कपाळ थोरल्या लेकाकडून, हनुवटी बहिणीकडून, डोळे एखाद्या नातीकडून घ्यायचे. दोन-तीन दिवसांत फळीवर एक बाई हळूहळू वर यायची. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस ती बघून रडलं, की सर्जेराव ब्रश खाली ठेवायचे. आणि एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. जिचा चेहरा उसना घ्यायचा, तिची आधी खणानारळानं ओटी भरायची. पुरुष असेल तर टोपी द्यायची. जित्या माणसाचा चेहरा मेलेल्याला द्यायचा म्हटलं की घरच्यांच्या मनात पाल चुकचुकतेच. ओटी भरली की बाई बिनघोर बसायची.

कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा जालन्यात सिनेमाचे बोर्ड रंगवायला शिकला आणि अठराव्या वर्षी घराबाहेर पडला, तो पडलाच. शेती भावांनी केली. बेबीनंदाशी लग्न झालं, तृप्ती झाली, तरी पाय घरात ठरला नाही. नवं गाव, नवी ओसरी, आणि कधी न पाहिलेला चेहरा फळीवर येऊ लागतो ती घडी. तिचा नाद दारूपेक्षा वाईट, असं ते स्वतःच म्हणत. आता मात्र तो नादही थकला होता. पुसदला शेवटच्या कामाच्या वेळी घरातल्या एका पोरानं मोबाईलवर चित्रातल्या मेलेल्या आजोबांना डोळा मारायला लावला. सगळं घर हसलं, आणि सर्जेरावांना एकाएकी फार झोप आल्यासारखं झालं.

"अण्णा, दमला का?" तृप्तीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"दमायला काय झालं? एसटी चालत होती, मी बसून होतो."

"पन्नास वर्सं तीच चालून राह्यली. तुम्ही आपले बसलेलेच."

सर्जेराव हसले आणि पाणी प्यायले. बैठकीच्या खोलीत भिंतीवर तृप्तीच्या सासू-सासऱ्यांचे फोटो होते, प्लास्टिकच्या फुलांचे हार घातलेले. शेजारी एक खिळा मोकळा होता. तृप्तीनं त्या खिळ्याकडं बघितलं नाही, पण बोलली त्याच्याचविषयी.

"दुनियाभरच्या आया रंगवल्या तुम्ही. माझीच तेवढी राह्यली."

खरं होतं. बेबीनंदाचा फोटो नव्हता. दरवेळी घरी आले की सर्जेराव तिला म्हणायचे, पुढच्या खेपेला तुला निवांत बसवतो. शहाण्णव साली तिला कावीळ झाली आणि पुढची खेप राहूनच गेली. तृप्ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिला धावड्याच्या मावशीनं सांभाळलं.

"काढतो की," सर्जेराव म्हणाले. तोंडातून सहज गेलं. हजार घरी हेच दोन शब्द बोललेले. पण बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, बायकोचा चेहरा आपल्याला आठवत नाही.

आवाज आठवत होता. परातीवर वाकलेली तिची पाठ आठवत होती, पिठानं भरलेले हात आठवत होते. पण मनातल्या मनात तिनं मान वर केली की तिथं निर्मलच्या सुताराची आई यायची, बिदरच्या मास्तरांची आजी यायची. शेकडो बाया होत्या तिथं. तीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे लेकीची ओटी भरली आणि तिला खिडकीपाशी बसवलं. कपाळ बघितलं, नाक बघितलं, कानाची ठेवण बघितली. कोळशानं चार रेघा ओढल्या आणि थांबले. चौथीत शिकणारी नात कल्याणी मागून डोकावत होती.

"आबा, आई तर बराबर तुमच्यासारखी! मिशा लावल्या की झालं."

"हो ना," सर्जेराव म्हणाले. "लोकांच्या घरी असं झालं की मी म्हणायचो, ही बापावर गेली, उठवा हिला. दुसरं कोणीतरी आणा."

"मंग मावशीकडं जा," तृप्ती उठत म्हणाली. "दोघी बहिणी सारख्या दिसायच्या, सगळे म्हणायचे."

सर्जेरावांना हेच नको होतं. पण लेकीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्यांनी पेटी उचलली आणि अंबड, जालना, भोकरदन असं करत, गाड्या बदलत, तिसऱ्या प्रहरी धावडा गाठलं.

बेबीनंदाची बहीण नंदाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"या दाजी. रस्ता चुकला का काय?"

"अगं, आधी पाणी तर दे त्यांना," तिचा नवरा कचरू बाजेवरून म्हणाला.

"देते. पाणी काय पळून चाललं व्हय? पळून जाणारा तर दारात उभा हाय."

सर्जेरावांनी उभ्याउभ्याच कशासाठी आलो ते सांगितलं. तसं सूप थांबलं.

"म्हंजे तुम्हाला तिचं तोंड आठवंना."

सर्जेरावांनी पेटी ओट्याच्या कडेला ठेवली.

"कार्ड गेल्तं तुम्हाला आदिलाबादला. जल्दी निघा म्हणून लिवलं होतं. तुम्ही दोन दिवस उशिरा निघाले. कोणाची तरी माय रंगवून राह्यले होते तिथं."

"चेहरा नुकता उगवत होता, नंदे. मधी सोडला असता तर गेला असता."

"तो न्हाई गेला. ही गेली."

कचरू उगीचच खोकला. सर्जेरावांनी पिशवीतून खण आणि नारळ काढून ओट्यावर ठेवला. नंदाबाईनं नारळाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"बहिणीच्या तोंडाचा नारळ देता व्हय मला?" असं म्हणाली, पण पदर खोचून आत गेली आणि तोंड धुऊन, कुंकू लावून परत आली. "पोरीसाठी बसते. तुमच्यासाठी बिलकुल न्हाई. कुठं बसू ते सांगा."

ती बसली. चार दिवस रोज सकाळी गोठ्याजवळच्या उजेडात बसली आणि सर्जेराव तिच्यातून बहीण शोधत राहिले. वय काढून टाकायची त्यांना सवय होती. सुरकुत्या पुसल्या, केस काळे केले, गाल भरले. नंदाबाईच्या तोंडावरून तीन वर्षांपूर्वी वारं जाऊन तोंड वाकडं झालं होतं. औषधपाण्यानं बाकी सगळं जागेवर आलं, फक्त डावी पापणी थोडी झुकलेली राहिली. ती पापणी वर उचलायला हवी होती. सर्जेरावांनी दोनदा ब्रश तिथपर्यंत नेला आणि दोनदा मागं घेतला.

त्या पापणीनं चित्रात काहीतरी आणलं होतं. कोणाची तरी फार वेळ वाट बघून आता डोळा लागत चाललेली बाई वाटायची ती. पन्नास वर्षांत असा डोळा त्यांच्या हातून उतरला नव्हता. हे बरोबर नाही, हे त्यांना कळत होतं. कळत असूनही ते त्या डोळ्यावरच दीड दिवस बसले. गुडघे दुखत होते, टर्पेंटाइनच्या वासानं छाती भरून येत होती, आणि तरी अठरा वर्षांच्या पोरासारखा हात चालत होता.

चित्र पुरं झालं तेव्हा कचरूनं हात जोडले. नंदाबाई बराच वेळ बघत राहिली.

"लई छान काढलं," ती म्हणाली. "कोण हाय ही?"

रंगात जवसाचं तेल जास्त होतं, चित्र ओलं होतं. सर्जेरावांनी कडेनं लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, वरून कापड बांधलं आणि गाड्या बदलत वडीगोद्रीला परत आले.

तृप्तीनं कापड सोडलं आणि लगेच म्हणाली, "मावशी."

"बहिणी सारख्याच असतात."

"न्हाई, ही मावशीच हाय. तरुणपणची."

"आठ दिवस भिंतीवर राहू दे," सर्जेराव म्हणाले. "मग सांग."

हेही त्यांनी हजार घरी सांगितलेलं वाक्य होतं. चित्र मोकळ्या खिळ्यावर चढलं आणि सर्जेराव शेजारच्या खोलीतल्या बाजेवर जे आडवे झाले ते दोन दिवस जेवायपुरतेच उठले. आपलं काम संपलं, आता पेटी उघडायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हायवेवरून ट्रक जात राहायचे, भिंत हलकीशी थरथरायची आणि त्यांना त्या आवाजात झोप लागायची.

तिसऱ्या दिवशी तृप्ती झाडता झाडता चित्रापाशी थांबली. चौथ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "ओठ आईचेच वाटायलेत आता." पाचव्या दिवशी तिनं चित्राला झेंडूचं फूल वाहिलं. सहाव्या दिवशी दुपारी सर्जेराव पडल्या पडल्या मायलेकींचं बोलणं ऐकत होते.

"आई, आजीचा हा डोळा असा बारीक का?"

"तसाच होता गं तिचा. जरासा झुकलेला. दमली की आणखीनच झुकायचा."

सर्जेराव उठून बसले.

त्यांना जाफराबादकडचा रामराव आठवला. रामरावाच्या बापाचं चित्र काढताना ब्रशचा एक थेंब गालावर उडाला होता. वाळल्यावर तो तिळासारखा दिसू लागला आणि तसाच राहून गेला. बारा वर्षांनी त्या वाटेनं जाताना सर्जेराव सहज त्या घरी थांबले, तर रामराव आपल्या नातवाचा गाल दाखवून म्हणाला, "हा बघा तीळ. आमच्या बापाचा बराबर उतरला." सर्जेरावांनी हसत हसत थेंबाची गोष्ट सांगितली. रामराव हसला नाही. माझ्या बापाचा तीळ मला माहीत नाही का, म्हणून चहा न पाजता त्यानं त्यांना वाटेला लावलं. ही गोष्ट सर्जेराव गावोगाव रंगवून सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. आज त्यांना तिचं हसू आलं नाही.

ते बैठकीत आले.

"तृप्ती, मावशीच्या तोंडावरून वारं गेलं तेव्हा तिला जालन्याला दवाखान्यात कोणी नेलं?"

"मीच नेलं. का?"

"हा डोळा तेव्हाचा आहे. त्याआधी तिचाही असा नव्हता."

तृप्ती चित्राकडं बघत राहिली. "असंल. पण आईचा पण होता तसा."

"नव्हता, बाई."

"तुम्हाला काय माहीत? मला आठवतं ना!"

"सहा दिवसांमागं आठवत होता का?"

तृप्ती चित्राच्या आणखी जवळ गेली.

"बस," सर्जेराव म्हणाले. ते स्वतःही भिंतीला टेकून खाली बसले. बोलताना त्यांना मधूनमधून थांबावं लागत होतं. "पंधरा दिवस लागतात. जास्तीत जास्त महिना. भिंतीवरचा चेहरा रोज बघून बघून माणसाच्या मनातला चेहरा पुसून जातो. मग घरचे शपथेवर सांगतात, अशीच होती. लोकांना वाटायचं मी त्यांची आई आणून दिली. थोडीफार उरली होती, तीसुद्धा मी पुसून आलो. हे मला फार आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी पुढच्या गावाला गेलो. मला ते चित्र होताना बघायचं असायचं ना."

ते उठले. चित्र खिळ्यावरून काढून त्यांनी दारातल्या उजेडात धरलं आणि एकदा पोटभर बघितलं. इतकं चांगलं काम पुन्हा व्हायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. मग टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून त्यांनी डाव्या डोळ्यापासून पुसायला सुरुवात केली. आतला रंग अजून ओला होता. जरा वेळात फळीवर एक मातकट डाग राहिला.

कल्याणी घाबरून आईला चिकटली. तृप्तीचा आवाज चढला.

"हेच करायचं राह्यलं होतं! दुसऱ्यांच्या आया सगळ्या पुऱ्या केल्या. माझीच तेवढी पुसा. जिवंत होती तेव्हा पण तुम्ही..."

"मला तिचा चेहरा आठवत नाही, तृप्ती."

बाहेर मिथुनच्या दुकानात हवा भरायचं मशीन धडधडत होतं.

"तू चित्र मागितलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "लाज वाटली."

तृप्ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग नळ बराच वेळ वाहत राहिला. सर्जेराव ते फडकं हातात धरून तिथंच बसून राहिले. पेटी आवरावी आणि संध्याकाळच्या गाडीनं निघावं, असं एकदा मनात आलं. पण जाणार कुठं? आणि आता पुन्हा इथून निघायचं, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

तृप्ती पदरानं तोंड पुसत परत आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"मला पण सगळी न्हाई आठवत," ती म्हणाली. "थोडी आठवती."

"किती?"

"थोडी."

"मग तेवढीच काढ."

"मला कुठं चित्र येतं, अण्णा? शाळेत आंबासुद्धा धड येत नव्हता."

"कल्याणी, तुझी वही आण. अन् पेन्सिल." सर्जेरावांनी पेन्सिलीला ब्लेडनं टोक केलं आणि ती लेकीच्या हातात दिली. गावोगाव रंग वाळेपर्यंत जमलेल्या पोरांना ते ज्या आवाजात शिकवायचे, तोच आवाज आपोआप निघाला. "हे बघ, चेहरा काढायचाच नाही. चेहरा म्हटलं की माणूस भितो. तू कुठं होतीस तेवढं आठव. तिथं जाऊन बस, आणि तिथून जे दिसतं ते काढ."

तृप्तीनं डोळे मिटले.

"तिच्या मांडीवर डोकं असायचं माझं," ती म्हणाली. "ती ज्वारी निवडायची. मला खालून दिसायची."

"खालूनच काढ."

पेन्सिल कागदावर टेकली. रेघ वाकडी आली, पुसली, पुन्हा आली. खालच्या बाजूला एक मोठी, रुंद हनुवटी झाली. तिच्यावर दोन नाकपुड्या. ओठ जवळजवळ दिसेचनात. कडेला, फार लांब कुठंतरी, एक कान, आणि कानाची पाळी खाली फाटलेली.

"फाटली होती?" सर्जेरावांनी विचारलं.

"मीच ओढली होती म्हणे, लहानपणी. तिनं मंग त्या कानात कधी काही घातलंच न्हाई." तृप्ती थांबली. "हे मला आत्ता आठवलं. मावशीनं पण कधी सांगितलं न्हाई."

कल्याणी वहीवर वाकली आणि खुदकन हसली. "आजीची हनुवटी डोंगराएवढी! आबा, नीट करून द्या ना."

"गप गं," तृप्ती म्हणाली आणि स्वतःही हसली. नाक अजून ओलंच होतं.

रेघ खरंच घसरली होती. जबड्याचं वळण जिथं कानाशी मिळायला हवं तिथून दोन बोटं खाली गेलं होतं. एक हलका हात फिरवला असता तर सगळं जागेवर आलं असतं. सर्जेरावांची बोटं वळवळली. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. आयुष्यभर त्यांनी समोरून दिसणारी माणसं काढली होती. अशी कोणाची आई त्यांनी काढली नव्हती, आणि काढली असती तर कोणी भिंतीवर लावली नसती.

"अण्णा, नाकपुड्या अशाच असतात का?" तृप्तीनं वही त्यांच्याकडं वळवली. "बघा ना. चुकलं का काही?"

"मला नको विचारू, बाई," ते म्हणाले. "मी नव्हतो तिथं."

तृप्तीनं मान वर केली आणि बापाच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग वही स्वतःकडं ओढली, खोडरबरानं एक नाकपुडी पुसली आणि आधीपेक्षा जराशी लहान काढली.